भयकथेतली भीती घालवण्याचे खात्रीशीर उपाय

परवा एका वाचनमंडळात अमेरिकन भयकथाकार एडगर ॲलन पोच्या कथांचं अभिवाचन ऐकलं. काडीचीही भीती वाटली नाही. भयकथा ऐकून ज्यांची झोप उडते, त्यांच्या सोयीसाठी तिथली युक्ती इथे देत आहे.

कथेआधी प्रतीकांची यादी वाटा. घर म्हणजे मन, मांजर म्हणजे अपराधगंड, घड्याळ म्हणजे मृत्यू. पाठ झाली की कथा वाचली नाही तरी चालतं.

शेवट प्रास्ताविकातच सांगून टाका.

पोच्या बायकोला क्षय होता, हे मधेच सांगा. कुठल्याही कथेत खपतं.

वातावरणनिर्मिती लेखकावर सोडू नका, स्पीकर आणा. १८३९ सालच्या ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’मध्ये पो पहिल्याच वाक्यात सांगतो की शरदातला तो दिवस मळभलेला, काळवंडलेला आणि निःशब्द होता. या ‘निःशब्द’वरच कोल्हेकुई सोडा.

१८४२ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांबद्दल लिहिताना पोने बजावलं होतं, कथा एका बैठकीत संपावी, बैठक मोडली की परिणामही मोडतो. म्हणून दर परिच्छेदाला थांबून ‘काही प्रश्न?’ विचारा.

आणि रंग! ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’मध्ये बाहेर साथ थैमान घालत असताना एक राजपुत्र आत मुखवट्यांचा नाच भरवतो. त्याची रंगीत सात दालनं हाती लागली की सोडू नका. निळं म्हणजे जन्म, काळं म्हणजे मरण, पूर्वेकडून पश्चिमेकडे आयुष्याचा प्रवास. मग श्रोत्यांना विचारा, ‘नारिंगी म्हणजे काय?’ परवा यावर वाद झाला, चहा आला, चहानंतर पुन्हा वाद झाला. तोवर तिकडे कथेत ते काळ्या आबनुसी लाकडाचं घड्याळ ठोके देत होतं, त्याची कुणाला पर्वा? अहो, ठोके पडताच वाजंत्री थांबतात, नाचणारे थबकतात, भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. नाद विरला की सगळे हसतात, वादक एकमेकांना कुजबुजत वचन देतात, पुढच्या वेळी असं घाबरायचं नाही. आणि साठ मिनिटांनी, छत्तीसशे सेकंदांनी, पुन्हा तेच! भीती त्या हसण्यात आहे. दालनं वेडीवाकडी, वीस-तीस यार्डांवर वळण, एका वेळी जेमतेम एकच दिसतं. आत एकही दिवा नाही, बाहेरच्या बोळातला जाळ रंगीत काचांतून आत पडतो. काळ्या दालनाच्या काचा तेवढ्या रक्तासारख्या लाल, तिथे पाऊल टाकायची फारशी कुणाची छाती होत नाही. यातलं एक वाक्य सलग ऐकू दिलंत? नारिंगी म्हणजे काय म्हणे!

प्रतीकं नाहीत असं कोण म्हणतंय? अशरच्या वाड्याची भेग म्हणजे दुभंगलेलं मन, कबूल. पण आधी ती भिंतीला पडलेली भेग आहे. छपरापासून नागमोडी उतरत तळ्याच्या काळ्या पाण्यात नाहीशी होणारी, बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसेल अशी. तुम्ही ती पाहिलीच नाहीत, सरळ अर्थ सांगून मोकळे झालात. हुशारी दाखवायची एवढी हौस असेल तर घरच्यांना दाखवा. लोक संध्याकाळ मोडून कथा ऐकायला येतात, त्यांना ऐकू द्या. आणि आधी तो स्पीकर बंद करा.