खाडीचा चिखल आणि समुद्रतळाचं पाणी

ऐरोलीकर वाचकमित्र,

हिमयुगातल्या समुद्राच्या तापमानावरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा: "आमच्या खाडीत ओहोटीला चिखलात खड्डा केला की लगेच पाणी भरतं, भरतीला पुन्हा नवं येतं. मग गाळात हिमयुगातलं पाणी कुठून राहणार? कवचांवरून तापमान काढलंत तेवढं पुरे होतं, हे गाळातल्या पाण्याचं शेपूट कशाला जोडलंत?"

आधी शेपटाचं बघू, कारण त्याशिवाय तापमान निघतच नाही. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचात ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) वाढला, तर पाणी गार झालं असेल किंवा पाणीच 'जड' झालं असेल. हलका ऑक्सिजन-१६ बाष्पातून जाऊन बर्फाच्या थरांत अडकला, की समुद्रात जड जास्त उरतो. १९५५ मध्ये संशोधक एमिलियानींनी कवचांतला बहुतेक फरक तापमानाच्या नावावर टाकला, १९६७ मध्ये शॅकलटननी तो बर्फाच्या नावावर फिरवला. नुसती कवचं बघून हा वाद मिटणं कठीण होतं. एक समीकरण, दोन अज्ञात!

आता खाडी. तिथे भरती-ओहोटी आहे, खेकड्यांची बिळं आहेत, गाळ सतत ढवळला जातो. खोल समुद्रात किडे ढवळतात तो वरचा साधारण वीतभर थर. त्याखालच्या बारीक चिकणमातीत पाणी जवळजवळ वाहतच नाही, फक्त रेणू हळूहळू पसरत राहतात. म्हणून २०,००० वर्षांपूर्वीची कवचं पडली त्याच थरात, म्हणजे कुठे मीटरभर, कुठे काही मीटर खोल सापडतात, पण त्या काळच्या पाण्याची खूण कित्येक मीटर आणखी खाली सरकलेली असते, आणि पुसटही झालेली. पसरण्याचा वेग माहीत असल्यामुळे उलटं गणित मांडून मूळ फरक काढता येतो.

नमुना घेण्यातही बरीच कटकट असते. समुद्रतळात ड्रिल करून काढलेल्या गाळाच्या नळकांड्याच्या, म्हणजे गाभ्याच्या, तुकड्याची बाहेरची साल खरवडून टाकतात, कारण ड्रिलिंगचं समुद्रपाणी तिथे शिरलेलं असतं. मग तो दाबयंत्रात पिळून थोडंसं पाणी मिळवतात. ज्या खोलीवर जिवाणूंनी समुद्रपाण्यातलं सल्फेट संपवलेलं असतं, तिथल्या पाण्यात ते सापडलं तर समजायचं, नमुना बाटला. ही तपासणी मला फार आवडते.

२००२ मध्ये अ‍ॅडकिन्स, मॅकिन्टायर आणि श्रॅग यांनी अशा मोजणीतून हिमयुगातला समुद्र ऑक्सिजन-१८ च्या प्रमाणात आजच्यापेक्षा सरासरी सुमारे १ प्रतिहजार जड होता असं काढलं. समुद्रतळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेराच्या कवचांतला फरक साधारण १.७ ते १.८. उरलेला ०.७-०.८ तापमानाचा. एका अंशाला पाव प्रतिहजार धरला तर जवळपास ३ अंश, म्हणजे खोल समुद्र गोठणबिंदूच्या आसपास. हे फक्त कवचांतून कुणी काढून दाखवावं!

हरकत घ्यायचीच असेल तर खारटपणावर घ्या. त्याच अभ्यासात क्लोराइडवरून दक्षिण महासागराचं खोल पाणी ३७ च्या वर (किलोमागे ग्रॅम क्षार) खारट निघालं होतं (आज ते ३४.७ च्या आसपास आहे). पण उलटं गणित नाजूक असतं: तळाच्या पाण्याचे वेगवेगळे इतिहास शेवटी जवळपास सारखीच पुसट खूण सोडू शकतात. २०१५ मध्ये अ‍ॅडकिन्स स्वतः सहलेखक असलेल्या एका अभ्यासाने आणि २०१६ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. म्हणून १ प्रतिहजारवर मी ठाम आहे. समुद्रपातळी तेव्हा सुमारे १२० मीटर खाली होती (तेवढं पाणी बर्फात अडकलं होतं), हा वेगळ्या वाटेने आलेला हिशोबही त्याच्याशी जुळतो. ३७ बद्दल मात्र तशी खात्री मी लेखात दिलेली नाही, आणि इथेही देत नाही.