पाठलागाआधीचं उभं राहणं

‘द फ्रेंच कनेक्शन’ या सिनेमाचं नाव निघालं की लोक थेट त्या पाठलागावर येतात. बरोबरच आहे. वर पुलावरून धावणारी आगगाडी, तिच्यात खुनी, आणि खाली खांबांमधून भर रस्त्यात कोणाची तरी अडवून घेतलेली गाडी पिटाळणारा न्यूयॉर्कचा पोलिस डॉयल. पार्श्वसंगीत नाही, नुसते हॉर्न, ब्रेक आणि लोखंडाचा खडखडाट. मध्येच एक गाडी येऊन आदळते. ती धडक ठरवलेली नव्हती, खरीच झाली, आणि तशीच ठेवली. सिनेमा 1971 चा, तरी आजही माझ्या मुठी आवळतात.

पण तो पाठलाग इतका अंगावर येतो तो त्याच्या आधीच्या तासाभरामुळे, असं माझं ठाम मत आहे. त्या तासात पोलिस काय करतात? उभे राहतात. मागे मागे चालतात. हेरॉइनचा फ्रेंच व्यापारी काचेआड गरमागरम जेवतोय आणि समोरच्या फूटपाथवर डॉयल कुडकुडत पिझ्झाचा तुकडा चावतोय. कॉफी इतकी भिकार, की घोट घेऊन ओतून देतो.

हे मला बाबांमुळे कळलं. बाबा पोलिसात शिपाई लागले, जमादार होऊन रिटायर झाले. आमच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी, नदीपलीकडे अमरावतीत नाही. म्हणून पुलाजवळ नाकाबंदी. पौषातली थंडी, पाण्यावरून येणारा वारा, डब्यात आईनं दिलेली गारढोण बेसन-भाकर. खबर असायची, गाडी बहुतेक वेळा यायचीच नाही. सकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी ते दोन्ही हात चुलीसमोर धरायचे. बोटं सरळ व्हायला वेळ लागायचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांना हा सिनेमा दाखवला. इंग्रजी कळत नव्हतं, मी सांगत होतो. कॉफीचा सीन आला तसे म्हणाले, “हा खरा पोलिस हाय. बाकी सिनेमात कोनी असं उभं राहत नाही.” मग मी सांगितलं, ज्या खऱ्या पोलिसावरून डॉयल रचला, तो एडी एगन याच सिनेमात डॉयलचा साहेब झालाय. बाबांनी मान हलवली, त्यांना ते आधीच कळल्यासारखी.

आजच्या सिनेमांत वीस गाड्या हवेत उडतात आणि माझं काळीज जागचं हलत नाही. त्या माणसानं किती रात्री घालवल्या हे कोणी दाखवलेलंच नसतं, मग तो धावला काय नि बसला काय.

डॉयल बाबांना आवडला मात्र नाही. तोंडाचा घाण, आणि त्या जिन्यावर खुन्याच्या पाठीत घातलेली गोळी त्यांना मुळीच पटली नाही. “पाठीत नाही मारत,” एवढंच बोलले. दिग्दर्शक फ्रीडकिननंही त्याला देव केलेलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. शेवटी व्यापारी निसटतोच.

सिनेमा संपल्यावर बाबा उठले नाहीत. गाडी पूर्ण खोलूनही माल सापडत नाही, मग वजन कागदावरच्यापेक्षा 120 पौंड जास्त भरतं आणि दाराखालच्या पत्र्यात तो मिळतो, तो सीन त्यांना परत पाहायचा होता.

“ते वजनाचं पुन्हा लाव,” म्हणाले आणि खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली.