प्लाझ्मा टीव्ही चित्रात हरला नव्हता

"प्लाझ्मा टीव्ही म्हणजे फसवणूक होती. आत गॅस भरलेला असायचा, तो चार-पाच वर्षांत संपायचा आणि परत भरून घ्यावा लागायचा, स्क्रीनवर चॅनलचा लोगो कायमचा छापला जायचा, लाईट बिल डबल यायचं, आणि एलईडी आल्यावर लोकांना कळलं की याचं चित्रच खराब आहे म्हणून कंपन्यांनी गपचूप बंद केला." हा मेसेज थोडे शब्द बदलून अधूनमधून फिरत असतो आणि खाली बरेच जण "अगदी खरंय" म्हणतात. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, एक अर्धा खरा आहे, बाकी सगळं ऐकीव. मी अजूनही सिनेमे प्लाझ्मावरच बघतो, आणि चांगला चालता टीव्ही लोक असलं काहीतरी वाचून भंगारात देतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गॅसचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. प्लाझ्माचं पॅनल म्हणजे दोन काचा आणि मध्ये लाखो बारीक कप्पे, प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉनचं मिश्रण. व्होल्टेज दिलं की त्या गॅसचा प्लाझ्मा, म्हणजे वीजभारित वायू, होतो, झेनॉनमधून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आत लावलेल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या लेपावर, पडतात आणि फॉस्फर उजळतो. ट्यूबलाईट साधारण याच तत्त्वावर चालते, तिच्यात पाऱ्याची वाफ असते. यात गॅस जळत नाही, त्यामुळे इंधनासारखा संपायचा प्रश्नच येत नाही. आणि रिफिल कुठून करणार? भरायला तोंडच नसतं, फॅक्टरीत गॅस भरला की ते तिथेच सील करतात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणजे सील फुटलंच तर बाहेरची हवा आत घुसेल आणि पॅनल जाईल.

टीव्ही आडवा ठेवला की गॅस सांडतो म्हणणारेही भेटतात. उभाच न्या असं कंपन्या सांगायच्या हे बरोबर, पण ते काचेसाठी, एवढी मोठी जड काच आडवी ठेवून गाडीत हादरे बसले की तडकू शकते. गॅसशी जोडलेली एक तक्रार मात्र खरी आहे, समुद्रसपाटीपासून खूप उंचावर बाहेरचा हवेचा दाब कमी झाला की काही सेट गुणगुणल्यासारखा आवाज करायचे.

मग प्लाझ्मा म्हातारा होतो तो कशाने? फॉस्फरमुळे, त्याची चमक वापराने हळूहळू उतरते. पॅनासोनिकचा नंतरच्या सेट्ससाठी दावा होता की चमक निम्मी व्हायला १,००,००० तास लागतात. रोज ८ तास लावला तर हिशेब ३४ वर्षांवर जातो. कंपनीचा आकडा आहे, विश्वास नसेल तर निम्मा धरा, तरी १७ वर्षं होतात. प्रत्यक्षात आधी जातात ते पॉवर सप्लायचे कपॅसिटर किंवा पॅनल चालवणारे बोर्ड, आणि बोर्ड जाणं ही काही प्लाझ्माचीच खासियत नाही.

आता लोगो छापला जाण्याचं. हा अर्धा खरा मुद्दा. सुरुवातीच्या सेट्समध्ये हे होत होतं, आणि ज्या ठिकाणी ते सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं ती घरं नव्हती, विमानतळांवर वगैरे एकच वेळापत्रक दिवसरात्र दाखवणारे स्क्रीन होते. लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच धरतात. एक म्हणजे तात्पुरती सावली, एखादा लोगो बराच वेळ राहिला आणि चॅनल बदललं की त्याचा फिकट ठसा दिसतो, दुसरं काहीतरी थोडा वेळ बघितलं की जातो. दुसरं म्हणजे कायमचा डाग, त्या जागचे फॉस्फर बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेले असतात आणि तो जात नाही. त्यासाठी तीच भडक गोष्ट त्याच जागी खूप खूप तास राहावी लागते. नंतरच्या सेट्समध्ये चित्र थोडंथोडं सरकवत राहणारी सोय आली, ठसा पुसायला पांढरा पट्टा फिरवायची सोय आली, आणि कॉन्ट्रास्ट शंभरवर न ठेवता सिनेमा मोडला ठेवला तर सिनेमे, मॅच, मालिका असं मिसळून बघणाऱ्या घराला भीती फार कमी. दिवसभर एकच न्यूज चॅनल लावून ठेवणार असाल तर मात्र हा टीव्ही तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्ट सांगेन. आणि ओएलईडी या नव्या प्रकारच्या टीव्हीत पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका, तोही स्वतःच उजळतो, तोही असाच असमान झिजू शकतो, पण त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

वीज. हो, जास्त खायचा. त्याच साईजच्या एलईडी बॅकलाईटवाल्या टीव्हीपेक्षा बरीच जास्त, आणि वरच्या कडेला हात धरला तर गरम हवा लागायची. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एवढं की वापर चित्रावर अवलंबून असायचा, रात्रीच्या सीनला कमी आणि बर्फाच्या सीनला भरपूर, म्हणून मागच्या लेबलवरचा कमाल वॅटचा आकडा गुणिले तास असा हिशेब करणं चूक आहे. आणि अख्खं बिल डबल व्हायला घरात टीव्हीशिवाय दुसरं काही चालूच नसावं लागतं.

आता चित्र खराब होतं हा आरोप, आणि माझा खरा राग याच्यावर आहे. एलसीडीत मागे दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे लिक्विड क्रिस्टल तो अडवतात, पण पूर्ण अडवू शकत नाहीत, थोडा प्रकाश झिरपतोच. आणि ज्याला एलईडी टीव्ही म्हणून विकलं तो एलसीडीच होता, मागचा दिवा बदलला एवढंच. प्लाझ्मात मागे दिवाच नाही, प्रत्येक कप्पा स्वतः उजळतो. खोलीतले दिवे बंद करा, वर-खाली काळे पट्टे येतात तसा एखादा सिनेमा लावा आणि त्या पट्ट्यांकडे बघा. साध्या एलसीडीवर ते राखाडी-निळसर दिसतात, कोपऱ्यात कुठेकुठे ढगासारखा उजेड असतो. चांगल्या प्लाझ्मावर पट्टा कुठे संपला आणि टीव्हीची चौकट कुठे सुरू झाली ते शोधावं लागतं. पूर्ण शून्य काळा प्लाझ्मालाही जमत नव्हता, कारण कप्पे पटकन पेटावेत म्हणून त्यांना थोडं चेतवून ठेवावं लागायचं आणि त्याचा मंद उजेड यायचा. पायोनियरने २००७-०८ च्या क्युरो मालिकेत तो इतका खाली आणला की नंतर कितीतरी वर्षं नवीन टीव्हीची तुलना क्युरोशी होत राहिली.

हालचालीचंही तेच. एलसीडी एक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, आपला डोळा मात्र बॉलच्या मागे सरकत असतो, म्हणून बॉल पुसट दिसतो. प्लाझ्मा प्रत्येक फ्रेम छोट्या छोट्या प्रकाशाच्या फटक्यांत दाखवतो आणि तो पुसटपणा खूप कमी होतो. सेकंदाला ६० फ्रेम, प्रत्येकीत १० सबफील्ड (म्हणजे असे प्रकाशाचे फटके), म्हणून बॉक्सवर ६०० हर्ट्झ छापायचे. आकडा दिशाभूल करणारा आहे, ६०० वेगळ्या फ्रेम नसायच्या, पण सिनेमा संपल्यावर वर सरकणारी नावं सरकता सरकता वाचता यायची हे खरं. एलसीडीवाल्यांनी यावर मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालायचा तोडगा काढला आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागला, जो मला अजिबात बघवत नाही. शिवाय कडेच्या खुर्चीवर बसलेल्यालाही तेच रंग दिसायचे, तेव्हाच्या बऱ्याच एलसीडींवर बाजूला सरकलात की चित्र फिकं पडायचं.

उणिवा होत्या की. जवळून बघितलं तर गडद भागात बारीक कण वळवळताना दिसायचे, अख्खा स्क्रीन पांढरा झाला की उजेड आपोआप कमी व्हायचा, आणि खिडकी समोर असेल तर काचेत तीच दिसायची.

आणि याच उणिवांनी त्याला दुकानात मारलं. शोरूमच्या झगझगीत उजेडात एलसीडी भडक मोडवर लखलखायचा, शेजारचा प्लाझ्मा मळकट वाटायचा, आणि माणूस टीव्ही तिथे उभा राहून निवडतो, रात्री आपल्या खोलीत बसून नाही. दुसरं कारण फॅक्टरीतलं. एलसीडी घड्याळापासून भिंतीएवढ्या स्क्रीनपर्यंत सगळ्या साईजमध्ये बनतो, म्हणून सगळा पैसा तिकडे गेला. प्लाझ्माचे कप्पे लहान केले की उजेड घटतो, त्यामुळे लहान साईज अवघड आणि घरगुती साईजमध्ये ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, त्याहून अवघड. पॅनासोनिकने २०१० मध्ये १५२ इंचाचा ४के प्लाझ्मा दाखवला होता, पण तो कुणाच्या बैठकीच्या खोलीत मावणार?

गपचूप वगैरे काही झालं नाही. पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पॅनासोनिकने २०१३ मध्ये जाहीर करून उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये थांबले. पॅनासोनिकचा झेडटी६० आणि सॅमसंगचा एफ८५०० हे दोन्ही अगदी शेवटी, २०१३ मध्ये आले आणि त्यांचं चित्र त्या काळातल्या सर्वोत्तम चित्रांत धरलं गेलं. हे तंत्र १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी शिकवण्याच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी शोधलं, रंगीत टीव्ही होईपर्यंत त्यावर दशकं मेहनत झाली, त्याला फसवणूक म्हणवत नाही.

आज नवीन घ्यायचाच असेल तर ओएलईडी घ्या, काळा रंग त्याच्यात आणखी खोल आहे, वीज कमी आणि ४केही मिळतो. पण घरात फुल एचडी प्लाझ्मा धडधाकट असेल तर सिनेमा मोड लावा, खोलीतला दिवा मंद करा आणि आधी एखादा रात्रीचा सीन बघा, मग ठरवा. बंद पडला असेल तर मागचं कव्हर स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत काही वेळ जास्त व्होल्टेज राहतं. जाणकाराला दाखवून फक्त बोर्ड गेलाय का ते विचारा, काच आणि पॅनल शाबूत असेल तर तो बहुतेक परत चालू होतो.