डबीतली लक्ष्मी

कोल्हापुरात माणसाला नाद असणं ही मानाची गोष्ट आहे. पण तो नाद कुस्तीचा असावा, फुटबॉलचा असावा, म्हशींचा असावा, गेलाबाजार तांबड्या-पांढऱ्याचा तरी असावा. जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या माणसाकडं आमच्या शिवाजी पेठेत लोक जरा काळजीनंच बघतात. "धंदापाणी बरं चाललंय न्हवं?" असं हळू आवाजात विचारतात.

आणि तेच लोक रात्री जेवणं आटोपल्यावर आमचं दार वाजवतात. रुमालात बांधलेलं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं निघतं. हे दहा लाखांना जातं असं कुणीतरी मोबाइलवर सांगितलेलं असतं, आणि ते दहा लाख मी उद्या सकाळपर्यंत मिळवून द्यावेत अशी माफक अपेक्षा असते. २०१२ सालाचा छाप, अजूनही चलनातलं नाणं. त्याचे पाच रुपये कुठल्याही टपरीवर मिळतील, असं मी सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये असल्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींपासून सावध राहा म्हणून पत्रक काढलं होतं, हेही सांगतो. त्यावर समोरचा रुमालाची गाठ पुन्हा मारतो आणि "तुमाला घ्यायचं नसंल तर ऱ्हाऊ दे" म्हणून जिना उतरतो. मी त्याचे दहा लाख हडपायला बसलोय याबद्दल त्याच्या मनात शंका उरलेली नसते.

एवढ्यावर भागलं असतं. पण मला एक भाचा आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि उरलेला वेळ मला श्रीमंत करण्यात घालवतो.

"मामा, तुमच्या नाण्यांना भाव का न्हाई ठावं हाय? ती स्लॅब केल्याली न्हाईत."

स्लॅब म्हणजे नाण्याची काचपेटी म्हणा, फक्त प्लास्टिकची. आपण नाणं पाठवायचं, तिथले जाणकार ते खरं की खोटं हे बघतात, किती झिजलंय ते ठरवून गुण देतात, आणि मग कडक पारदर्शक प्लास्टिकच्या दोन भागांमध्ये घालून ध्वनिलहरींनी कडा जोडून टाकतात. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर गुण आणि नंबर. पेटी फोडल्याशिवाय नाणं बाहेर येत नाही. अमेरिकेत पीसीजीएस नावाच्या कंपनीनं १९८६ मध्ये आणि एनजीसी नावाच्या दुसरीनं १९८७ मध्ये हे काम सुरू केलं, आणि नाण्यांच्या बाजारातली निम्मी भांडणं मिटली. उरलेली निम्मी गुणांवरून सुरू झाली.

गुण सत्तरपैकी असतात. शंभरपैकी का नाहीत, तर १९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थानं अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही पट्टी बसवली. पार घासून गेलेल्याला एक, निर्दोष असेल त्याला सत्तर. आणि कल्पना अशी की सत्तरवाल्याची किंमत एकवाल्याच्या सत्तरपट असावी. बाजारानं ते गणित कधीच उधळून लावलं, आकडे तेवढे राहिले. साठापासून पुढं म्हणजे चलनात न वापरलेलं नाणं. अठ्ठावन्न म्हणजे हात लागलाय, पण अगदी किंचित. आमच्या वेळी मॅट्रिकला अठ्ठावन्न टक्के पडले की गल्लीत पेढे वाटत. इथं अठ्ठावन्नवाला हळहळत बसतो, पेटी फोडून नाणं पुन्हा तपासायला पाठवतो, दोन गुण वाढतील या आशेवर. पेपर फेरतपासणीला टाकण्याची खोड सगळ्या जगाला आहे तर.

भाच्यानं माझ्या अल्बममधून उचललं ते कमळाचं वीस पैशांचं नाणं. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना हे पिवळंधमक नाणं आठवत असेल. १९६८ ते १९७१ या सालांचं. त्यात सोनं आहे अशी आवई आमच्या लहानपणी होती, आणि कमळ म्हणजे साक्षात लक्ष्मीचं आसन, म्हणून कैक घरांत ते देव्हाऱ्यात जाऊन बसलं. आमचंही तिथलंच. १९७० सालचं, सालाखाली बारीकसा हिरा, म्हणजे मुंबई टांकसाळीचं. हैदराबादचं असतं तर चांदणी असती, कोलकात्याचं असतं तर काहीच नसतं. बाजारात असलं नाणं तीस-चाळीस रुपयांना मिळतं, ओळखीचा असेल तर चहाही पाजतो.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तपासणीचा स्वस्तातला दरसुद्धा नाण्यामागं वीस डॉलरच्या घरात. त्यावर हाताळणीचा आकार, जायचं टपाल, यायचं टपाल, विमा, मधल्या दलालाचं कमिशन. चार जणांनी मिळून पाठवलं तरी बेरीज साडेतीन हजारांच्या खाली येईना. "चाळीस रुपयांच्या नाण्याला साडेतीन हजारांची पेटी," मी म्हटलं. "ह्यापेक्षा त्या पैशात एक बरं नाणं घेऊ."

"मामा, तुम्ही जुन्या जमान्याचं." हा भाच्यांचा हुकमी एक्का.

पेटी वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया कुणी आणून दिला तर मी स्वतः ती आधी करून घेईन. तो रुपया इतका दुर्मिळ आहे आणि त्याच्या नकला इतक्या सुबक आहेत, की तिथं चिठ्ठीचेच पैसे आहेत. जिथं खऱ्या-खोट्याचा वाद आहे, किंवा एका गुणानं किंमत हजारांनी हलते, तिथं पेटी स्वतःचा खर्च काढते. वीस पैशांचं कमळ खोटं पाडायला कोण बसलंय? त्याला खोटं पाडण्यात नुकसान आहे.

मग भाच्याची नजर आजोबांच्या राणीछाप रुपयांकडं गेली. तिथं मात्र मी कायदा काढला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू. ती परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. टपालातून तर नाहीच नाही. म्हणजे ज्या नाण्यांना पेटी जरा तरी शोभली असती ती तिकडं जाऊ शकत नाहीत, आणि जी जाऊ शकतात त्यांतली बहुतेक पेटीपेक्षा स्वस्त. "आयला," भाचा एवढंच म्हणाला, आणि कमळ घेऊन गेला. पैसे त्याचे, हौस त्याची; मी अडवलं नाही. त्याआधी भिंगाखाली एकदा नाणं धरलं मात्र. पाकळ्यांवर बारीक, एका दिशेनं गेलेल्या असंख्य रेघा होत्या. मला त्या रेघांचा इतिहास ठाऊक होता. तो स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता.

आमची आई दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी देव्हाऱ्यातली सगळी नाणी चिंचेच्या कोळात भिजत घालते आणि मग रांगोळीनं खसाखसा घासते. नाणं घासू नये, मूळचा रंग गेला की किंमत गेली, हे मी तिला माझ्या लग्नाच्या आधीपासून सांगतोय. "मग काय काळी लक्ष्मी पुजायची?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही नाणेतज्ज्ञाकडं उत्तर नाही.

बरेच महिने गेले. भाचा रोज मोबाइलवर बघायचा, पार्सल कुठं पोचलं. शेवटी आलं. पेटी खरंच देखणी; उजेडात धरली की आतलं कमळ तरंगल्यासारखं दिसतं. चिठ्ठीवर गुणांच्या जागी आकडाच नव्हता. 'डिटेल्स' असं लिहून पुढं 'क्लीन्ड' म्हणून शेरा. नाणं खरं, पण घासलेलं, सबब गुण नाहीत. सातासमुद्रापलीकडच्या माणसानं आमच्या आईची चिंच ओळखली याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

भाच्यानं विचारलं, "आता ह्याचं किती येतील?"

"चाळीस," मी म्हटलं. "घासलंय म्हटल्यावर पस्तीस."

त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याला टाउन हॉलच्या म्युझियममध्ये नेलं. इथं पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू तिथं आहेत. आपल्या कोल्हापूरची खरी जुनी नाणी म्हणजे कुर राजांची, शिशाची, वर धनुष्यबाण. (निवडणूक आयोगाचा संबंध नाही.) दोन हजार वर्षांच्या आसपास मातीत पडून होती, असं मी त्याला सांगत होतो.

"स्लॅब न करता?" भाच्यानं विचारलं. पोरगं सुधारत नाही, पण विनोदबुद्धी आहे.

साधी नाणी जपायला काही फार लागत नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकची, खिडकी असलेले होल्डर पाच-दहा रुपयांत मिळतात, प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल त्याहून थोड्या महाग. फक्त त्या मऊ, वासाच्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात; काही वर्षांनी त्या प्लास्टिकमधून सुटणारी द्रव्यं नाण्यावर हिरवा चिकट थर आणतात. आणि आपल्याकडचा आषाढ-श्रावण लक्षात घेऊन डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. संपलं. एवढ्यासाठी अमेरिका कशाला?

खरा पेच दिवाळीत आला. आईनं देव्हारा मांडला, ताम्हन घेतलं, आणि कमळ मागितलं. मी पेटी पुढं केली. तिनं ती उलटीपालटी केली, नखानं कड उचकटून बघितली.

"ह्यातनं काढ."

"निघत नाही. फोडावी लागेल. साडेतीन हजार गेलेत भाच्याचे."

"मग पंचामृत कुठं घालू, डबीवर?"

शेवटी डबीवरच घातलं. चिठ्ठीच्या बाजूनं घालू नको एवढी विनंती मी केली आणि ती बहुधा मान्य झाली.

पूजेला शेजारचे तात्या आले होते. वैष्णोदेवीचे दहा लाख मी बुडवल्यापासून ते जरा तुटकच वागतात, पण पेटी बघितल्यावर विरघळले. हातात घेऊन टकटक वाजवली, वजन बघितलं, उजेडात धरली. नाण्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"डबी झ्याक हाय की! ह्यात चुना ऱ्हाईल न्हवं?"

"तात्या, ती उघडत नाही."

"उघडतच न्हाई?" त्यांनी पेटी ताम्हनात परत ठेवली आणि हात धोतराला पुसले. "मग कशाला केली मर्दा?"