एफडी, सहा आकडे आणि डिकीखालचा पत्रा: 'नागोयाकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नागोयाकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं, दुसऱ्यांदा लक्षात आलं की त्यातलं बरंचसं खरं आहे. खाली चार ओळी खरडून भागणार नव्हतं, म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: जपानमध्ये दीडशे मानात जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर कोणती, असा तो लेख होता. (मान म्हणजे दहा हजार येन. इथे दोन वर्षं काढली की माणूस लाख विसरतो आणि मानातच बोलायला लागतो.) माझदाची रोटरी इंजिनवाली आरएक्स-८, निस्सानची फेअरलेडी झेड म्हणजे झेड-३३, होंडाची एस२००० आणि टोयोटा ८६ ची पहिली पिढी, अशा चौघी समोरासमोर ठेवून मी ८६ ला कौल दिला होता. त्यावर नागोयाकरांचं म्हणणं असं: सगळ्यांत कमी ताकदीची गाडी मी वर बसवली. ३८,००० किलोमीटर झालेली आरएक्स-८ सोडा आणि १,१२,००० झालेली बघा, असा उफराटा सल्ला दिला. स्वतःसाठी आधी अपघात झालेली ८६ घेतली आणि वर लोकांना शहाणपण शिकवतो. आणि शेवटी, "तुम्ही गाडी निवडत नाही, एफडी निवडता."

एफडी! जुन्या माझदाच्या नादी लागलेल्या माणसाला एफडी म्हटलं की बँक आठवत नाही, तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आठवते, तिचं सांकेतिक नाव एफडी. टोमणा वाया गेला, पण दाद देतो.

आधी माझी चूक. एस२००० मी त्या तुलनेत घ्यायलाच नको होती. दीडशे मानात धड एस२००० मिळत नाही. शोधून शोधून एखादी मिळालीच, तर तिचं छत घडीवर फाटलेलं असतं किंवा दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज येतो, आणि वर मालक म्हणतो की 'जरा सवय लागते'. मी ती घातली कारण ती मला आवडते आणि तिच्याशिवाय लेख अळणी झाला असता. तिच्या किमती चढताहेत हेही तुम्ही बरोबर लिहिलंय. फक्त त्याचं कारण अमेरिकेचा पंचवीस वर्षांचा नियम नाही. तो नियम स्कायलाइन जीटी-आर किंवा सिल्विया एस-१५ यांना लागतो, कारण त्या तिकडे कधी विकल्याच गेल्या नव्हत्या. एस२००० तर अमेरिकेत शोरूममध्ये मिळायची. मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत ओरडणारं तसलं इंजिन होंडाने पुन्हा बनवलं नाही, म्हणून ती महाग. माझ्या खिशाबाहेर गेली, विषय संपला.

आता ताकद. मूळ लेखाच्या तक्त्यातले आकडे मी कॅटलॉगमधून उचलले आणि खुलासा केला नाही. हीही चूकच. आरएक्स-८ टाइप एसचे २५० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ८,५०० फेऱ्यांना येतात, एस२००० चे २५० पीएस ८,३०० ला, ८६ चे २०० पीएस ७,००० ला. झेडचे २८० मात्र ६,२०० ला, आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ३७ किलोचा. बाकी तिघी विशीच्या आसपासच घुटमळतात. शिवाय २८० या आकड्याची गंमत म्हणजे १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवून त्याच्यावरचा आकडा छापलाच नाही. २००२ ची झेड बरोबर २८० वर थांबते, यात नवल नाही.

म्हणजे ताकदीवरच जायचं तर आरएक्स-८ कशाला, झेड घ्या. पण मी टोकियोत राहतो. इथल्या शुतो एक्स्प्रेस-वेच्या आतल्या वर्तुळावर बहुतेक ठिकाणी ताशी ५० ची मर्यादा आहे. ८,५०० फेरे दुसऱ्या गिअरमध्ये जरी गाठले तरी मी मर्यादेच्या पार पुढे असेन. आणि झेडची रुंदी १,८१५ मिलिमीटर. आमच्या इमारतीखालच्या यांत्रिक पार्किंगच्या पाळण्याला १,८०० ची मर्यादा आहे. पार्किंगचा दाखला नाही, तर गाडी नावावर होत नाही. पंधरा मिलिमीटरसाठी झेड गेली. हे कारण मूळ लेखात लिहायला लाज वाटली होती, कारण ते 'गाडीवेड्या' माणसाला शोभत नाही. तुम्ही नागोयात आहात, उघडी जागा असेल, तर तुमचा निकाल वेगळा लागायला काहीच हरकत नाही.

किलोमीटरच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही, कारण ती फी मी भरलेली आहे.

२०२१ मध्ये मी आरएक्स-८ घेतली होती. २००४ ची, मीटरवर ४१,०००, किंमत ७५ मान. सतरा वर्षांत ४१,००० म्हणजे वर्षाला चोवीसशेच्या आसपास. मी हुरळलो. विक्रेत्याने माझ्यासमोर किल्ली फिरवली, थंड इंजिन एका दमात सुरू झालं. आत केसाइतकाही चरा नाही, मागच्या सीटवर कोणी बसलेलंच नसावं. तीन आठवड्यांनी हाकोनेहून परतताना एबिनाच्या सर्व्हिस एरियात थांबलो. तिथला मेलनपाव प्रसिद्ध, बायकोने रांग लावली, मी गाडी बंद करून पाय मोकळे केले. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन नुसतं हुंगतंय, पेटत नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की पेट्रोल तोडलं जातं आणि प्लग सुकतात, हा उपाय मला ठाऊक होता. तोही करून झाला. शेजारच्या गाडीतले आजोबा येऊन "रोटरी?" एवढंच म्हणाले आणि मान डोलावून निघून गेले. विम्याच्या टोइंगवाल्याची वाट बघत आम्ही दोघांनी तो मेलनपाव खाल्ला. चव आठवत नाही.

रोटरीचं काम करणाऱ्या गॅरेजात कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते, मोजलं. साध्या इंजिनात सिलिंडरला एक आकडा. इथे पिस्टनऐवजी दोन रोटर, प्रत्येक त्रिकोणी, त्याच्या तीन बाजू, म्हणून सहा आकडे. साधा गेज लावला तर तीन बाजूंतली जी सगळ्यांत चांगली तीच दिसते, बाकीच्या दोन लपतात. म्हणून त्याला वेगळं यंत्र लागतं. मिनिटाला २५० फेरे धरून खालची मर्यादा ६.९ किलो. माझ्या मागच्या रोटरचे आकडे ७.१, ७.०, ७.२. पुढच्याचे ६.२, ६.०, ६.१. इंजिन थंड असताना तेल दाट असतं, तेच फटी बुजवतं आणि गाडी सुरू होते. गरम झाल्यावर तेल पातळ, रोटरच्या कडांचे सील सैल, आणि दाब धरत नाही. विक्रेत्याने थंड इंजिनच का दाखवलं, ते मला एबिनात कळलं.

गॅरेजवाल्याने एक प्रश्न विचारला: आधीचा मालक गाडी कुठे न्यायचा? सर्व्हिसच्या वहीत दर वर्षी मीटर दोन-अडीच हजारांनी पुढे सरकलेलं. म्हणजे घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद. रोटरीत अशाने कार्बन साचतो, सील खाचेत चिकटतात आणि हळूहळू दाब जातो. इंजिन नव्याने बांधायचा अंदाज गाडीच्या किमतीहून जेमतेम थोडा कमी निघाला. मी ती तशीच विकली, सगळं सांगून, आणि मिळाले ते घेतले.

म्हणून टोकियोशेजारच्या चिबातली ती १,१२,००० वाली सुचवली. तिचा मालक रोज एक्स्प्रेस-वेने कामावर जायचा. इग्निशन कॉइल दोनदा बदललेले, दर तीन-चार हजारांना तेल, आणि फाइलमध्ये तीन महिन्यांपूर्वीची कॉम्प्रेशनची पावती, सहाही आकडे ७.८ च्या वर. "तेल पिते का?" विचारल्यावर तो म्हणाला, "पिते, डिकीत एक लिटरचा डबा असतो." हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं. रोटरीत सीलना वंगण म्हणून तेल मुद्दाम आत सोडलेलं असतं, ते जळणारच. 'एक थेंब पीत नाही' असं सांगणाऱ्या मालकापासून मी चार पावलं लांब राहीन.

३८,००० वाल्या गाडीबद्दल माझी तक्रार एकच होती. आकडे मागितले तर विक्रेता म्हणाला, "इतकी कमी चाललीय, मोजायचं काय?"

आता माझी ठोकलेली ८६. तुम्ही 'शूफुकुरेकी आरी', म्हणजे दुरुस्तीचा इतिहास आहे, हा शब्द असा वापरलाय जणू गाडी दरीतून काढली. इथे त्या शिक्क्याचा अर्थ ठरलेला आहे. चॅसिसचा मेंबर (दांडा), पिलर (छताचा खांब), छत, डिकीचा तळ असा सांगाड्याचा भाग दुरुस्त केला किंवा बदलला, तर शिक्का बसतो. दार, बोनेट, पुढचा फेंडर हे नटबोल्टवर असतात. ते चारही बाजूंनी बदला, शिक्का नाही. म्हणजे मार कुठे बसला ते शिक्का सांगतो, किती बसला ते नाही.

माझ्या गाडीला सिग्नलवर कोणीतरी मागून धडक दिली होती. डिकीचा गालिचा उचलला की उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पत्रा ठोकून सरळ केलेला दिसतो. तिथला सीलर कंपनीच्यासारखा एकसारखा नाही, बोटाने ओढलेला आहे. स्टेपनीच्या खड्ड्याची गोलाई शाबूत, मागच्या दोन्ही मेंबरना सुरकुती नाही, चाकांच्या अलाइनमेंटचा कागद सोबत. पावसात रात्रभर उभी करून सकाळी हात फिरवला, कोरडी. याच रंगाच्या बिनशिक्क्याच्या गाडीपेक्षा पस्तीस मानांनी स्वस्त पडली. त्याआधी योकोहामात पाहिलेल्या 'स्वच्छ' ८६ च्या फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला होता आणि बोनेट-फेंडरमधली फट एका बाजूला बोट जाईल एवढी, दुसरीकडे नखही जाईना. कागदावर ती निष्कलंक.

८६ बघताना मला शिक्क्यापेक्षा जास्त धास्ती दुसऱ्याच कागदाची होती. २०१२-१३ च्या गाड्यांसाठी २०१८ मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगची रिकॉल निघाली. हे बॉक्सर इंजिन आडवं, स्प्रिंगपर्यंत पोचायचं तर इंजिन खाली उतरवावं लागतं. ते काम झालंय का, आणि झाल्यावर गाडी किती चाललीय, हे बघूनच मी पैसे दिले. मूळ लेखात यावर एक ओळ होती, तिथे परिच्छेद हवा होता.

हिशेबाबद्दल म्हणाल, तर हिशेबनीस म्हणा, चालेल. पण हिशेबाने मला हवं ते उत्तर दिलंच नाही. रोटरीचं सीसी कराला दीडपट धरतात: ६५४ गुणिले दोन, गुणिले दीड, १,९६२. म्हणजे ती दोन लिटरच्या गटात, ८६ आणि जुन्या एस२००० च्या बरोबरीने. तेरा वर्षं उलटली की तिघींना वर्षाला ४५,४०० येन. झेडला ६६,७००. वजनाचा कर शाकेनच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीच्या, वेळी दोन वर्षांचा: तेरा वर्षांवरच्या गाडीला ३४,२००, अठरावर ३७,८००. सक्तीचा विमा सगळ्यांना सारखाच. म्हणजे आरएक्स-८ आणि ८६ यांच्यात सरकारी खर्चाचा फरक दोन वर्षांत ३,६०० येन. पेट्रोल वेगळं, आणि त्यात आरएक्स-८ खरंच राक्षस आहे. एफडी निवडायची असती तर मी केई-कार, म्हणजे इथली छोट्या इंजिनची गाडी, घेतली असती.

पुण्याहून एका वाचकाने तुमच्या खालीच विचारलंय की असली गाडी भारतात आणता येईल का. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, त्यामुळे या चौघींपैकी एकही नाही. आमच्या कॉलेजच्या वेळी जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर जीव टाकणारी जमात होती, ती अजून असेल. तिकडे चौकशी करा.

आणि गंज. नागोयाकर, तुम्ही लिहिलंय की शनिवारी गिफूला एक २००६ ची आरएक्स-८ बघायला जाताय. गिफूचा डोंगराळ भाग बर्फाचा. रस्त्यावर बर्फ वितळवायला क्षार टाकतात, तो खालून पत्रा खातो. मी रत्नागिरीचा, खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. मागच्या चाकांच्या कमानीत आणि एक्झॉस्टच्या वर टॉर्च मारा. ताजा काळा रंग दिसला तर नखाने खरवडा.

शाकेनच्या कागदावर आधीच्या तपासणीच्या वेळचं मीटर छापलेलं असतं, ते आजच्या मीटरशी ताडून बघा. गाडी अर्धा तास पळवून आणा, बंद करा, दहा मिनिटं त्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारा, मग किल्ली फिरवा. आणि निघण्याआधी फोन करून कॉम्प्रेशनची पावती मागा. सहाही आकडे इथे खाली लिहा. ७.५ च्या वर निघाले, तर माझ्याकडचा रोटरीच्या तेलाचा न उघडलेला डबा तुम्हाला टपालाने पाठवतो. २०२१ पासून तसाच पडलाय.