पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल, चौथ्या दिवशी काय?

१५ जूनला (विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा) शाळांच्या दारात तोरणं लागतात. पहिलीतल्या पोरांना फूल, फुगा, पुस्तकं, कुठे बैलगाडीतून मिरवणूक. दुपारपर्यंत फोटो केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर. प्रवेशोत्सवाशी माझं भांडण नाही. पण रडारड खरी सुरू होते चौथ्या-पाचव्या दिवशी. नवलाई ओसरते आणि 'हे आता रोजचंच आहे' हे पोराला कळतं. तोवर तोरण वाळलेलं असतं आणि बाई ऑनलाइन माहिती भरत बसलेल्या असतात.

शाळा सुरू होताना मुलांचं आणि शिक्षकांचं मन सांभाळायचं म्हणून जूनमध्ये एखाद्या तज्ज्ञाचं दोन तासांचं व्याख्यान ठेवलं जातं. हॉलमध्ये तीनशे मुलं, मागच्या रांगेत कुजबुज, शेवटी आभार. याचा उपयोग जवळजवळ शून्य, असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम वेळापत्रकात करावं लागतं: कोणता तास कधी, हजेरी कशी, कोणाकडून कोणतं काम काढून घ्यायचं.

आधी झोप, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. मे महिनाभर बारा वाजता झोपलेलं पोर सातच्या शाळेला ताजंतवानं येणार नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, त्यापुढच्या वयात ८ ते १०. आदल्या रात्री 'उद्या शाळा, झोप आता' म्हणून काही होत नाही. शाळेआधी दोन आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं, आणि सुरुवात झोपण्यापासून करायची नाही, उठण्यापासून करायची. लवकर उठवलं, सकाळी उजेडात बाहेर काढलं की रात्रीची झोप आपसूक अलीकडे सरकते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मोठ्या मुलांचं काय? इमारत एक आणि सत्रं दोन असली की ती सातलाच येणार. मग निदान पहिले दोन आठवडे पहिल्या तासाला गणित लावू नका. चित्रकला, खेळ, वाचन, काहीही चालेल.

फाटकापाशी सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटीच होते. पोर खेळण्यात गुंतलं की आई मागच्या मागे निघून जाते. त्या दिवशी काम भागतं, पण दुसऱ्या दिवसापासून पोर आईचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की आई गायब होते हे ते शिकलेलं असतं. सांगून जा, एकदाच सांगा आणि मागे वळून थांबू नका. 'लवकर येते' म्हणू नका. लहान पोराला 'लवकर' कळत नाही, 'खिचडी खाऊन झाली की येते' हे कळतं. आणि खरंच त्या वेळेला या. पालक दिसेनासे झाले की बहुतेक मुलं दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. खिडकीतून डोकावणारे आजोबा असतील तर तासभर नाही होत.

मोठ्या मुलांत रडणं दिसत नाही, पोट दुखतं. सोमवारी सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. याला नाटक म्हणू नका, दुखणं खरंच असतं. एकदा डॉक्टरांना दाखवा. शरीरात काही नाही म्हटल्यावर मात्र घरी ठेवणं थांबवायला हवं. घरी राहिलं की पोटदुखी तासाभरात जाते, टीव्ही लागतो, आणि उद्याची शाळा आजच्यापेक्षा अवघड होते. आठवडाभर घरी बसलेल्या मुलाला एकदम पूर्ण दिवस बसवायचाही हट्ट नको. दोन दिवस फक्त पहिले दोन तास, मग तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. वर्गशिक्षक, पालक आणि मूल यांनी मिळून हे एका कागदावर लिहावं. एखादी पायरी जमली नाही तर तिथेच थांबावं, पण शून्यावर परत जाऊ नये.

कारण विचारताना 'शाळा का आवडत नाही?' असं विचारलं की उत्तर येतं, 'माहीत नाही.' त्यापेक्षा दिवसाचे तुकडे करून विचारा: रिक्षा, परिपाठ, कोणता तास, डबा, संडास, परत येताना. संडासावर थोडं थांबतो, कारण हे कोणी विचारतच नाही. कडी तुटलेली, पाणी नाही, बाहेर मोठी पोरं उभी. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि आपण त्याला 'अभ्यासाचा ताण' असं नाव देतो. कडी आणि बादली मिळून शे-दोनशे रुपयांत काम होतं.

वर्गातला एक साधा बदल सांगतो. हजेरीला 'हजर' ऐवजी 'ऊन', 'ढग' किंवा 'पाऊस' म्हणायचं, आज मनात जे असेल ते. पन्नास मुलांच्या वर्गात चार-पाच मिनिटं लागतात. परिपाठातलं एखादं भाषण कमी केलं की तेवढा वेळ मिळतो. बिघडतं कुठे? पोरगं 'पाऊस' म्हणालं की बाई सगळ्यांसमोर विचारतात, 'का रे, काय झालं?' त्या क्षणी खेळ संपला, उद्यापासून सगळ्या वर्गात ऊन. समोर काहीही विचारायचं नाही, हजेरीपटात पेन्सिलीने टिंब करायचं. ओळीने तीन दिवस टिंब आलं तर त्या मुलाला वह्या उचलायला स्टाफरूममध्ये सोबत न्यायचं आणि चालता चालता बोलायचं. आठवीच्या पुढे पोरं एकमेकांची नक्कल करतात, तिथे चिठ्ठ्या बऱ्या.

आणि कृपा करून पहिल्या आठवड्यात 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध देऊ नका. वर्गात कोणी वीटभट्टीवर राबून आलेलं असतं, कोणाचे वडील मे महिन्यात गेलेले असतात, कोणाच्या घरात सुट्टीभर भांडणंच झालेली असतात. महाबळेश्वरला गेलेल्या तिघांसाठी बाकीच्यांनी खोटं लिहायचं. 'मला येणारी एक गोष्ट' हा विषय द्या. विहिरीत पोहता येणारा पोरगा पानभर लिहितो.

जास्त लक्ष पाचवी आणि आठवीवर ठेवा. वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या, नाहीतर सातवीपर्यंतच्या शाळेतून मूल हायस्कूलला येतं. एका गुरुजींच्या जागी आठ शिक्षक, गणित-विज्ञान कधी एकदम सेमी-इंग्रजीत, आणि तुकडीत ओळखीचं कोणी नाही. जुन्या शाळेतून आलेल्या दोघांना एकाच तुकडीत, जवळच्या बाकांवर बसवलं तर निम्मं ओझं उतरतं. पण तुकड्या सहसा यादीवरून पडतात.

मूल काही गंभीर सांगू लागलं तर काय करायचं, हे आधीच पक्कं ठाऊक हवं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा. लैंगिक छळाचं असेल तर खोदून चौकशी करणं शिक्षकाचं काम नाही, कळवणं आहे. पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल हे कारण तिथे चालत नाही. १०९८ चाइल्ड हेल्पलाइन आहे. जगणं नको असं मूल म्हणालं तर 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. मग मुलाला एकटं सोडू नका, पालकांना बोलवा आणि १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक बंधनकारक केला, आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं असं सांगितलं. म्हणजे दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंकडे निदान एक नाव आणि एक फोन नंबर जूनमध्येच असायला हवा.

आता या बाईंचंच बघू. जूनमध्ये त्यांच्याकडे प्रवेश, दाखले, आधार जुळणी, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), पोषण आहाराची नोंद, पुस्तकवाटप, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, आणि दोन-तीन वर्ग एकत्र. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत म्हणतं; ते वाचून कोणाचा एक तक्ता कमी झालेला दिसत नाही. वर सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणं आलं. वीस वर्षं शिकवलेला माणूस रात्री प्रश्नसंच सोडवतो आणि सकाळी मुलांना 'परीक्षेला घाबरू नका' म्हणतो. त्याला ध्यानाचा व्हिडिओ पाठवून काय उपयोग?

मुख्याध्यापकांच्या हातात बरंच असतं. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर माहिती मागायची नाही. एक माहिती एकदाच मागायची. तोच तक्ता तीन नमुन्यांत मागितला की तीन संध्याकाळी गेल्या. सलग चारपेक्षा जास्त तास कोणालाही नकोत, जूनमध्ये तर नाहीच, कारण दीड महिन्याच्या विश्रांतीनंतर पहिल्या पंधरवड्यातच घसे बसतात. आणि शेजारच्या वर्गाशी एक खूण ठरवून ठेवावी. फार झालं, आवाज चढायला लागला, हात उगारला जाईल असं वाटलं, की एका मुलाकडे डस्टर देऊन शेजारी पाठवायचं. डस्टर आलं की शेजारचे सर व्हरांड्यात येऊन पाच मिनिटं दोन्ही वर्गांवर नजर ठेवतात. बाई पाणी पिऊन येतात. कोणी काही विचारत नाही, आणि नंतर चहाच्या वेळी त्यावरून चेष्टाही करत नाही; चेष्टा एकदा झाली की डस्टर परत कधी येणार नाही.

१४४१६ चा कागद वर्गात लावाल तेव्हा त्याची एक प्रत स्टाफरूममध्ये, चहाच्या थर्मासच्या वर चिकटवा. तो नंबर शिक्षकांसाठीही आहे.