सत्तर अँपिअरचं वाटप

सकाळी साडेसहाला तांडेलकाकांचा फोन आला.

"भाऊ, तुमची होडी वायच बसल्यासारी दिसता."

मुंबईत तीस वर्षं बँकेत काढून गावी परतणाऱ्या माणसाने 'वायच' हा शब्द नीट शिकून घ्यावा. मालवणीत वायच म्हणजे थोडंसं. पण 'वायच लांब आसा' म्हटलं की पायांना तेल लावून निघायचं, आणि 'वायच जेवान जा' म्हटलं की रात्रीची सोय झाली असं समजायचं. तेव्हा वायच बसलेल्या होडीचं नाव ऐकून मी लेंग्यावरच देवगड बंदराकडे धावलो.

आमची बोट म्हणजे चौतीस फुटी मोटर यॉट. कागदावर तसं आहे. मेहुणाही यॉट म्हणतो, कारण अर्धे पैसे त्याचे आहेत. गाव होडी म्हणतं. बायको 'तुमची ती' म्हणते. मुंबईच्या एका गृहस्थाने ती आम्हाला विकली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्याचा अर्थ लागायला मला दोन वर्षं लागली.

केबिनमध्ये वीतभर पाणी होतं आणि त्यावर माझी डाव्या पायाची चप्पल निवांत तरंगत होती. बोटीत पाणी येणं नवीन नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टपाशी थेंब थेंब झिरपतंच. त्यासाठी तळाशी बिल्ज पंप असतो. पाणी चढलं की एक तरंगता खटका उचलला जातो आणि पंप आपला आपण सुरू होतो. अर्थात बॅटरी जिवंत असेल तर. काकांनी मीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी नऊ पॉइंट चार दाखवत होती. दुसरी त्याहून खाली.

"दोनय मेले," काका म्हणाले. "म्हणान पंप बंद, म्हणान पाणी."

इतकं नेमकं निदान मला आजवर कुठल्याही डॉक्टरकडून मिळालेलं नाही.

मला वाटलं, बॅटऱ्या गेल्या तर नव्या आणू. टॉर्चचे सेल बदलतो तसं. त्या दिवशी फेब्रुवारीची १० तारीख होती. नव्या बॅटऱ्या बोटीत बसल्या तेव्हा हापूसचा हंगाम संपत आला होता.

आधी जुन्या बाहेर काढायच्या होत्या. एकेक साधारण साठ किलोची. नेमकी ओहोटी. बोट आणि धक्का यांच्यात एक फळी, फळीखाली चिखल, आणि फळीवर मी, पुढे एक खलाशी. बॅटरी किती वाकडी होते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं, मी देवाचं नाव घेत होतो. घरी आलो तेव्हा लेंगा वायच ओला होता, एवढंच. धुऊन वाळत घातल्यावर त्याची चाळण झाली. बॅटरीतल्या गंधकाम्लाची हीच गंमत आहे. अंगावर असेपर्यंत सुती कापड शाबूत दिसतं, पाण्यातून काढलं की भोकं पडतात. बायकोने तो लेंगा दोरीवरून उतरवला, उन्हात धरला, त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

मग सल्ले सुरू झाले. कोकणात आजारी माणसाला जेवढे वैद्य भेटतात तेवढेच आजारी बॅटरीलाही भेटतात. टेम्पोवाला म्हणाला, "माझी जुनी घाला, काय एक होणा नाय." शेजारचे आंबा बागायतदार म्हणाले, घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर घ्या, हत्ती आहे हत्ती. मेहुणा ठाण्याहून रोज रात्री फोन करून 'लिथियम' एवढाच शब्द उच्चारी, आणि तोही कानात अत्तराचा फाया ठेवल्यासारखा. तांडेलकाका म्हणाले, "आमच्या आजान् शिडावर रत्नागिरी गाठलेली. बॅटरी खय होती?"

कणकवलीच्या दुकानदाराने मला पहिल्यांदा खरं शिक्षण दिलं, तेही नकळत.

"घराक लावूची की गाडयेक?"

"बोटीला."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे गाडयेकच."

तसं नसतं, हे मला तोवर वाचून कळलं होतं. गाडीची बॅटरी म्हणजे शंभर मीटर धावणारा. आत पातळ पातळ पुष्कळ पट्ट्या, स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग इंजिनाच्या जिवावर विश्रांती. रात्रभर पंखा, दिवे, फ्रिज चालवायचा तर जाड पट्ट्यांची बॅटरी लागते, पंढरीच्या वारकऱ्यासारखी, हळूहळू पण चालत राहणारी. आमच्या बोटीवर आधीच्या मालकाने दोन्ही कामं एकाच जोडीला लावली होती. इंजिनही तिनेच चालू करायचं आणि सोडाही तिनेच थंड ठेवायचा. जोडी मेली यात नवल नाही, ती तीन वर्षं जगली हे नवल.

"एकच बदला, दुसरी चार्ज करून बघू," दुकानदार म्हणाला. एक म्हातारा बैल आणि एक खोंड एका जोताला बांधला तर काय होतं हे त्याला माहीत असणार, कारण खोंड विकणारा तोच होता. जुनी बॅटरी नवीला रात्रंदिवस ओढत राहते आणि वर्षभरात दोघी एका वयाच्या होतात.

मग मी स्टिकरकडे बोट दाखवून माझी विद्वत्ता काढली. "यावर दीडशे अँपिअर-अवर लिहिलंय. म्हणजे दीडशे अँपिअर तासभर मिळतील?"

"मिळतले," तो म्हणाला. विक्रेत्याला 'नाही' म्हणणं जमत नाही.

मिळत नाहीत. स्टिकरवरचा आकडा सहसा वीस तासांचा असतो. साडेसात अँपिअरने सावकाश घ्या, वीस तास मिळतील. घाईने ओरबाडायला गेलात तर शिशाची बॅटरी, म्हणजे गाडीत आणि घरच्या इन्व्हर्टरला असते तीच, हात आखडते. पॉयकर्ट नावाच्या जर्मनाने १८९७ मध्ये याचं सूत्र मांडून ठेवलं आहे. शिशाची बॅटरी त्याहूनही जुनी, प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केलेली. आणि त्यातही ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवायची नाही, आयुष्य घटतं. म्हणजे दीडशेचे पैसे द्यायचे आणि पंचाहत्तर वापरायचे. आमच्या बँकेत याला किमान शिल्लक म्हणत. ग्राहक आमच्यावर का चिडत, हे मला निवृत्तीनंतर कणकवलीत कळलं.

खरा गोंधळ झाला तो भाच्यामुळे. तो पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी करतो. फोनवर म्हणाला, "मामा, बॅटरी नंतर. आधी लोड सांग. चोवीस तासांत काय काय किती वेळ चालतं, सगळं लिही."

वही घेऊन बसलो. फ्रिज चार अँपिअर, पण निम्मा वेळच चालतो, म्हणजे दिवसाचे अठ्ठेचाळीस अँपिअर-अवर. दिवे दहा. दोन पंखे रात्रभर, सोळा. नांगरावर असताना लावायचा दिवा तीन. व्हीएचएफ रेडिओ आणि मासे दाखवणारं यंत्र मिळून नऊ. मोबाइल आठ. बेरीज चौऱ्याण्णव. बँकेतल्या माणसाला अशी बेरीज सुटली की आत कुठेतरी शांत वाटतं.

"आणि वर्षातून किती रात्री बोटीवर झोपता?" भाच्याने विचारलं.

हा प्रश्न अनावश्यक होता. मी सांगितलं, तीन.

"तीन?"

"त्यातली एक डासांमुळे अर्धी."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मुलगा गुणी आहे, हसला नाही. मी घाईघाईने म्हणालो की आता नवीन बॅटऱ्या आल्या की वापर वाढणारच आहे. घरात व्यायामाची सायकल आणताना माणूस ज्या सुरात बोलतो, तोच सूर.

वही मिटणार तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर धरलात का?"

"बोटीवर मिक्सर कशाला?"

"मग वाटप कसलं घालणार? बांगड्याच्या तिकल्याला?"

मेहुण्याची स्वप्नं सूर्यास्त, खुर्ची आणि बर्फाचे खडे अशी होती. त्यात वाटप नव्हतं. पण ओलं खोबरं बारीक वाटल्याशिवाय जे होतं त्याला कालवण म्हणत नाहीत, त्याला मासे उकडणे म्हणतात, यावर आमच्या घरात दुमत नाही. मिक्सर साडेसातशे वॅटचा. बारा व्होल्टने भागा, साडेबासष्ट. वर इन्व्हर्टरची गळती. सत्तरच्या आसपास अँपिअर! फ्रिज, पंखे, दिवे सगळे मिळून जेवढं घेत नाहीत त्याच्या कितीतरी पट, एका नारळापायी.

भाच्याने हिशेब केला तर गंमतच निघाली. सत्तर अँपिअर खरे, पण पाचच मिनिटं. म्हणजे सहा अँपिअर-अवर. चौऱ्याण्णव अधिक सहा, बरोबर शंभर. साठ्याच्या दृष्टीने वाटप म्हणजे काहीच नाही, पण दमाच्या दृष्टीने तीच परीक्षा. थकलेली शिशाची बॅटरी एवढा ओढा बसला की मान टाकते, व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो. आत अर्धवट वाटलेलं खोबरं.

मी पाटा-वरवंटा नेण्याचा पर्याय मांडला. पाट्याचं वजन आणि तो वाटणार कोण, या दोन मुद्द्यांवर तो फेटाळला गेला.

अशा रीतीने नारळाने लिथियमच्या बाजूने कौल दिला. शंभर रोजचे, दोन दिवसांचे दोनशे. शिशात निम्मेच वापरायचे, म्हणून चारशेचा संच, वजन सव्वाशे किलोच्या घरात, पुन्हा ती फळी, पुन्हा तो चिखल, आणि लेंगे किती म्हणून घालवायचे? लिथियम जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या शंभर-शंभरच्या दोन पुरे, मिळून पंचवीस किलो. पैसे शिशाच्या तिप्पट सांगितले. मेहुणा म्हणाला, आयुष्यही कितीतरी पट आहे. मी माझ्या आयुष्याशी त्याची तुलना करून पाहिली. त्या बॅटऱ्या मला पोचवून आणखी चालतील असं दिसलं.

पण नुसत्या आणून बसवल्या असं नसतं. शिशाची बॅटरी चार्ज होताना जुन्या वळणाच्या पाहुण्यासारखी वागते, पोट भरत आलं की 'पुरे, पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरते. लिथियमला ती रीत नाही. वाढाल तितकं घेते. इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर बिचारा वाढत राहतो आणि शेवटी वाढपीच चक्कर येऊन पडतो. म्हणून मध्ये एक तीस अँपिअरचा डीसी चार्जर बसवावा लागला, पातेल्यावर बसलेल्या कडक आत्यासारखा. इंजिन चालू करायला शिशाची बॅटरी वेगळीच ठेवली. तिने फक्त तेवढंच करायचं. बिल्ज पंपाची वायर मुख्य स्विचला वळसा घालून, फ्यूज लावून, थेट नेली. मी घरी जाताना सगळं बंद केलं तरी तो जागा राहिला पाहिजे. वायरी कापल्या तेव्हा आतलं तांबं कोळशासारखं काळं निघालं. खाऱ्या हवेत साधं तांबं टिकत नाही, कल्हई केलेली वायर लागते. वायरमनने ती आणली आणि तिचं बिलही तसंच, कल्हई उडवणारं.

सोबत आलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत सूचना होती की शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज करू नयेत. मी काकांना वाचून दाखवली. काका म्हणाले, "मगे बर्फाच्या कारखान्यात नेव नको."

आणखी एक खोड कळली. शिशाची बॅटरी उतरायला लागली की सांगते. बारा पॉइंट सहा, बारा पॉइंट दोन, कण्हत कण्हत. लिथियम शेवटपर्यंत तेराच्या आसपास ताठ उभी आणि मग एकदम आडवी. आमचे थोरले काका असेच होते. कधीही विचारा, "बरा आसा." म्हणून व्होल्ट बघून उपयोग नसतो, शंट नावाचा एक हिशेबनीस बसवावा लागतो, जो आलेला आणि गेलेला अँपिअर मोजून शिल्लक दाखवतो. सगळ्या खरेदीत माझा जीव जडला तो या वस्तूवर. मी केबिनमध्ये बसून एकेक दिवा लावायचो आणि आकडा बघायचो. मेहुणा आला तेव्हा त्याने सूर्यास्त पाहिला, मी खतावणी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदाच समुद्रात गेलो. वारं फिरलं होतं, पाणी उसळायला लागलं होतं. तासाभरात परतलो. वाटपाचा प्रश्नच आला नाही, सगळ्यांनी लिंबू चघळलं. १ जूनला मासेमारी बंद झाली, ट्रॉलर किनाऱ्याला लागले आणि आमची तीही वर ओढून शाकारून ठेवली. बॅटऱ्या बोटीत सडायला नकोत म्हणून दोन्ही बगलेत मारून घरी आणल्या. चिखल नाही, खलाशी नाही, लेंगा शाबूत. इन्व्हर्टर आणि शंटही आणले. सवय लागली होती.

पहिल्या मोठ्या पावसात रात्री आठला लाईट गेली. कुठेतरी तारेवर फांदी पडली असणार. आमच्याकडे हे पंचांगात छापायला हरकत नाही. सगळी वाडी अंधारात आणि आमच्या पडवीत पंखा, दिवा आणि शेजारच्या पाच घरांचे सात मोबाइल चार्जिंगला. तांडेलकाका छत्री मिटून आत आले, खांबाला टेकून बसले.

"होडयेचा करंट काय ह्यो?"

मी हो म्हणालो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून घरघर सुरू झाली आणि शंटवरचा आकडा झपकन उतरला. वजा अडुसष्ट. मी वही शोधायला उठलो.

"बसा," बायको आतून म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे. काका, तिकलं आहे, जेवूनच जा."

"वायच जेवतंय," काका म्हणाले.